डास चावला, माशी डसली: शेक किती गरम, किती सेकंद?

डास चावलेल्या जागी गरम चमचा टेकवला की खाज थांबते, हे पुष्कळांच्या कानावर आलेले असते. करून पाहताना मात्र लोक दोन टोकांना जातात. कोणी कोमट पाण्याचा बोळा दहा मिनिटे धरून बसतो आणि खाज उलट पेटते. कोणी चमचा गॅसच्या ज्योतीवर तापवतो आणि इवल्याशा गांधीच्या जागी भाजल्याचा फोड येतो. उपाय आहे तो या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्ट्यात: साधारण ४८ ते ५३ अंश सेल्सिअस, आणि तेवढी उष्णता फक्त ३ ते १० सेकंद. हा पट्टा घरच्या स्वयंपाकघरात थर्मामीटर नसतानाही पकडता येतो. कसा, ते खाली दिले आहे.

आधी हे पाहा

चावल्यानंतर अंगभर गांधी उठणे, ओठ, जीभ किंवा पापण्या सुजणे, घसा आवळल्यासारखा वाटणे, आवाज बसणे, श्वासाला शिट्टी लागणे, चक्कर, उलट्या, भोवळ: यांतले काहीही दिसले तर चमचा बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. ही जोरदार ॲलर्जी असते. तिला ॲड्रेनालिनचे इंजेक्शन लागते, तेही लवकर. तोवर रुग्णाला आडवे निजवून पाय उंच ठेवा. धाप लागली असेल तर टेकून बसू द्या, पण उभे करून चालवू नका. तोंडात किंवा घशात माशी डसली असेल, किंवा आग्यामोहोळ उठून अंगावर एकाच वेळी अनेक डंख बसले असतील, तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा.

विंचवाला शेकाचा उपाय नाही. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही हृदयावर ताण आल्याची खूण असते, आणि लहान मुलांना धोका जास्त. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे औषध या दंशासाठी वापरात आणले आणि त्याने असंख्य जीव वाचले आहेत. ते औषध वेळेत मिळणे हाच खरा इलाज. सापाबद्दल तर बोलायलाच नको: शेक नाही, चीर नाही, आवळून बांधणे नाही, सरळ रुग्णालय.

उष्णतेने होते काय

मिरची तोंडात आग लावते ती कातडीतल्या आणि जिभेतल्या एका विशिष्ट ग्राहीमुळे, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रेणूमुळे. त्याचे नाव टीआरपीव्ही-१. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ साली ओळखला आणि २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळाले. हा ग्राही मिरचीने उघडतो तसाच साधारण ४३ अंशांवरच्या उष्णतेनेही उघडतो. त्यातून निघालेला 'चटका बसतोय' हा निरोप मज्जारज्जूत पोचला की खाजेचा निरोप मागे पडतो. खाजवल्यावर घटकाभर बरे वाटते तेही याच चालीने; फरक इतकाच की नखांनी कातडी सोलते, नीट दिलेल्या शेकाने सोलत नाही.

आता कोमट बोळ्याने खाज का वाढते ते कळेल. ३८-४० अंशांच्या उबेने चटक्याचा निरोप जात नाही, रक्तवाहिन्या मात्र पसरतात, आणि डासाच्या लाळेमुळे आधीच चाळवलेली जागा आणखी फुलते. अर्धवट शेक हा शेक नसण्यापेक्षा वाईट.

'उष्णतेने विष वितळते' असे सर्रास सांगितले जाते. मधमाशीच्या विषातला मुख्य घटक मेलिटिन हा उष्णतेला चांगलाच टिकाऊ आहे, आणि पाच-सात सेकंदांत कातडीखाली पोचणारी उष्णता प्रथिनांचे फारसे काही बिघडवू शकत नाही. परिणाम होतो तो मज्जातंतूंवर. हे समजून घेतले की 'जास्त गरम, जास्त वेळ, म्हणजे जास्त विष मरेल' हा मोह आपोआप सुटतो. भाजण्याच्या घटना त्या मोहातूनही होतात.

भाजण्याचे गणित मात्र पाठ असावे. मोठ्या माणसाची कातडी ५० अंशांना काही मिनिटे सोसते. ५५ अंशांना अर्ध्या मिनिटाच्या आसपास, ६० अंशांना सुमारे पाच सेकंद, ७० अंशांना एक सेकंदही नाही. ५१ आणि ६० यांत हाताला फरक फारसा कळत नाही, कातडीला मात्र तो मिनिटे आणि सेकंद इतका असतो. लहान मुलांची आणि वृद्धांची कातडी पातळ असते, तिला याहून कमी वेळ पुरतो.

चमच्याची रीत

लागते काय: भाजी वाढायचा जाड स्टीलचा चमचा, एक खोल वाटी किंवा पेला, उकळते पाणी, साधे पाणी, कोरडा रुमाल. पातळ चमचा नको. तो लवकर गार पडतो. मूठ प्लॅस्टिकची असली तर उत्तम.

पाण्याचे प्रमाण एकास दोन: उकळते पाणी एक वाटी, साधे पाणी दोन वाट्या. साधे पाणी २७ अंशांचे धरले तर बेरीज ५१ अंशांवर येते, आणि भांडे गार असल्याने प्रत्यक्षात त्याहून एखाद-दोन अंश खाली. डिसेंबर-जानेवारीत नळाचे पाणी २० अंशांचे असेल तर मिश्रण ४७ च्या खालीच राहते. तेव्हा उकळते पाणी सव्वा वाटी घ्या. उन्हाळ्यात काळजी उलटी. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे गच्चीवरच्या टाकीतले पाणी नळातूनच चाळीस अंशांचे येते, आणि एकास दोनचे मिश्रण थेट ६० वर जाते. त्या दिवसांत साधे पाणी माठातले घ्या.

स्वयंपाकाचा, खुपसायचा थर्मामीटर घरी असेल तर प्रश्नच मिटला: ५१ ते ५३ अंश. तापाचा थर्मामीटर मात्र यात बुडवू नका. त्याची मोजणी ४२-४३ अंशांपर्यंतच असते. डिजिटल असेल तर नुसता निरर्थक इशारा दाखवेल आणि पाऱ्याचा असेल तर फुटेल.

१. पेल्यात आधी साधे पाणी ओता, मग उकळते. ढवळा आणि अर्धा मिनिट थांबा. न ढवळलेल्या पाण्यात वरचा थर जास्त गरम असतो.

२. चावलेली जागा साबणाने धुऊन कोरडी करा. बाम, कैलास जीवन, टूथपेस्ट, चुना, काहीही लावले असेल तर पुसून काढा. मेन्थॉलच्या बामावर शेक दिला की गार-गरम यांचा घोळ होतो आणि चटका वेळेवर कळत नाही. बधिर करणारे मलम लावले असेल तर शेक देऊच नका.

३. चमचा पाण्यात पूर्ण ३० सेकंद बुडवून ठेवा. दहा सेकंदांत काढला तर तो पुरता तापलेला नसतो.

४. बाहेर काढून एका हाताने रुमालात पटकन टिपा. थेंब राहिले की ते कडेला ओघळून नको तिथे चटका देतात.

५. आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवा. 'आता चटका बसेल' असे वाटले पाहिजे, पण हात आपोआप मागे ओढला जाता कामा नये. ओढला गेला तर पाण्यात दोन चमचे साधे पाणी घाला. नुसते उबदार, सुखाचे वाटले तर उकळत्या पाण्याची थोडी भर घाला, आणि भर घालताना चमचा बाहेर ठेवा.

६. चमचा पुन्हा बुडवा, टिपा, आणि त्याची फुगीर पाठ गांधीच्या मधोमध टेकवा. घासू नका, दाबू नका. पहिल्या वेळी ३ सेकंद मोजा: एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन. उचला.

७. जागा पाहा. फिकट गुलाबी झाली असेल तर ठीक. दोन मिनिटांनी खाज उरली असेल तर दुसऱ्यांदा ५ ते ७ सेकंद. तिसऱ्यांदा फार तर १० सेकंद. एका तासात एकाच जागी तीनपेक्षा जास्त वेळा नको.

या रीतीत सुरक्षितता नेमकी कुठे आहे ते लक्षात घ्या. चमचा त्या पाण्यापेक्षा अधिक गरम होऊच शकत नाही. पाणी ५३ अंशांचे असेल तर चमचा ५३ चा, आणि कातडीला लागताच तोही उतरत जाणार. ज्योतीवर, लायटरवर, इस्त्रीवर तापवलेल्या धातूला अशी कमाल मर्यादाच नसते. तो शंभर अंशांचा आहे की दोनशेचा, हे डोळ्यांना दिसत नाही. नाणे, चावी, आगकाडीचे विझलेले टोक, सगळे त्याच जातीचे. चहाने भरलेला स्टीलचा पेला टेकवणारेही खूप आहेत. ताज्या चहाच्या पेल्याची भिंत सहज ६०-७० अंशांची असते. तो नको.

पहिला शेक चावल्यापासून जितका लवकर तितका बरा. पाच-दहा मिनिटांच्या आत दिला तर बहुधा एकदोन वेळांतच भागते. रात्रभर खाजवून सोललेल्या गांधीला शेक देऊ नये. उघड्या कातडीला तो झोंबतो आणि जंतू जायची वाट मोकळी होते. तिला गार पाण्याची पट्टी आणि कॅलामाइन बरे.

पाणी उघड्या पेल्यात पटापट निवते. आठ-दहा मिनिटांनी ते कामाचे उरत नाही, आणि नवखे लोक नेमके तेव्हा 'हा उपाय चालत नाही' म्हणून सोडून देतात. तीन-चार जणांना द्यायचे असेल तर मिश्रण थर्मासमध्ये करा.

विकतचे उपकरण

युरोपात, विशेषतः जर्मनीत, यासाठी पेनसारखी छोटी उपकरणे औषधाच्या दुकानात मिळतात, आणि मोबाईलच्या चार्जिंगच्या जागी खोचायचा बोटाएवढा प्रकारही आहे. टोकाला करंगळीच्या नखाएवढी तबकडी असते, ती साधारण ५१ अंशांपर्यंत तापते आणि ठरलेल्या सेकंदांनी आपोआप बंद होते. परदेशातल्या नातेवाइकांनी आणून दिले तर जरूर वापरा, चमच्यापेक्षा ते नेमके असते. चुका होतात त्या दोनच. एक, तबकडी तिरकी टेकते आणि अर्ध्याच भागाला उष्णता लागते. दोन, बॅटरी उतरलेली असते, तबकडी पुरती तापत नाही, आणि मग वर सांगितलेली कोमट शेकाची गत होते. केस वाळवायचा ड्रायर मात्र या कामाला वाईट. हवेचे तापमान हाताच्या अंतरावर बदलते, आणि शेक गांधीपुरता न राहता वीतभर पसरतो.

कोण चावले, त्यावर

डासाला हा उपाय सर्वांत लागू पडतो. पण शेकाने फक्त खाज जाते. डेंग्यू, मलेरिया किंवा चिकुनगुन्याचा जंतू शिरला असेल तर त्यावर शेकाचा काडीचाही परिणाम नाही. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर रक्त तपासा.

ढेकूण रांगेने चावतो, एका ओळीत तीन-चार गांधी. प्रत्येकीवर चमचा टेकवत बसणे जमते, पण गांधी वीस-पंचवीस असतील तर नाद सोडा; गार पट्टी आणि डॉक्टरांना विचारून ॲलर्जीची गोळी घ्या. अख्ख्या अंगावर कढत पाणी ओतून घेण्याचा मोह होतो, त्या क्षणी खूप बरेही वाटते. पण त्याने कातडी कोरडी पडते आणि तासाभराने खाज दुपटीने येते.

मधमाशीच्या बाबतीत पहिले काम शेक नव्हे, नांगी काढणे. तिच्या नांगीला उलटे दाते असतात, म्हणून ती विषाच्या पिशवीसकट कातडीत अडकते आणि पिशवी आणखी काही वेळ विष आत ढकलत राहते. नखाने खरवडा, चिमटीने उपसा, कार्डाच्या कडेने ओढा. पद्धतीने फरक पडत नाही, वेळेने पडतो. कार्ड शोधायला आत जाण्यापेक्षा नखाने लगेच काढलेली बरी. त्याआधी पोळ्यापासून दूर व्हा, कारण अडकलेल्या नांगीला पिकल्या केळ्यासारखा वास येतो आणि त्या वासाने बाकीच्या माश्या तुम्हालाच शोधत येतात. नांगी निघाल्यावर शेकाचे दोन-तीन फेरे द्या. ठणका उतरतो, पण डासाइतकी हमखास खात्री नाही. नंतर सूज चढू लागली तर रुमालात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटे ठेवा. ठणक्याला चुटपुटता शेक, सुजेला गारवा, असा क्रम ठेवला तर गोंधळ होत नाही. हाताला डसली असेल तर अंगठी आणि बांगड्या सूज चढण्याआधीच काढा.

गांधीलमाशी नांगी सोडत नाही, ती पुन्हा पुन्हा डसू शकते. बाकी रीत तीच. आंब्या-काजूवरच्या लाल मुंग्यांनाही तीच, आधी पाण्याने धुऊन. गोम किंवा घोण चावल्यावर ठणका जबर असतो. तिथे सेकंदांचा चमचा अपुरा पडतो आणि पुढे पाकट आणि शिंगाळा या मासळीसाठी दिलेले पाण्यात बुडवणे जास्त उपयोगी.

आता ज्यांना शेक मुळीच देऊ नये ते.

गोचीड कातडीला चिकटलेली असताना तिला चटका, आगकाडी, तेल, रॉकेल काही नको. ती बिथरून पोटातले जखमेत ओकू शकते. बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा आणि न पिळता सरळ वर ओढा. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला आणि गोव्यात सत्तरीत गोचिडीतून माकडताप पसरलेला आहे, तेव्हा तिथल्या काजूच्या बागेत काम करणाऱ्यांनी चावल्याची तारीख लिहून ठेवावी आणि ताप आल्यास ती डॉक्टरांना सांगावी.

घोणस अळी २०२२ च्या पावसाळ्यात बीडसह काही जिल्ह्यांत शेतकऱ्यांना लागली तेव्हा बरीच घबराट पसरली होती. तिचे काटेरी केस कातडीत रुतून असतात, त्यावर शेक दिला की ते आणखी आत दाबले जातात. आधी चिकटपट्टी लावून उचला, दोन-तीनदा, दर वेळी नव्या तुकड्याने. मग साबण-पाणी आणि गार पट्टी.

पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा लांबट, काळा-नारिंगी पट्ट्यांचा किडा चावत नाही. तो चिरडला की अंगातले द्रव्य कातडीला लागते आणि दुसऱ्या दिवशी चाबूक ओढल्यासारखा लाल फोडांचा वळ उठतो. ती रासायनिक भाजणी आहे. भाजलेल्यावर शेक नको; साबणाने धुवा आणि त्या हाताने डोळे चोळू नका.

चावल्यासारखी एखादी जागा काळ्या खपलीची, सिगारेटच्या चटक्यासारखी दिसते, दुखत नाही, आणि सोबत ताप असतो. ती स्क्रब टायफस या तापाच्या आजाराची खूण असू शकते. डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

कोणाला नको

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना पायावर कधीही नको. चटका कळत नाही आणि जखम महिनोन्महिने चिघळते. कुष्ठरोगाने किंवा अर्धांगवायूने बधिर झालेल्या भागावर नको. दोन वर्षांखालच्या बाळांना नको. त्यावरच्या मुलांना मोठ्या माणसाने स्वतःच्या मनगटावर तपासूनच, पाणी ५० अंशांच्या वर न ठेवता, ३ सेकंद. मूल 'नको' म्हणाले की तिथेच थांबायचे. झोपलेल्या माणसाला नको. पापण्या, ओठ, जननेंद्रिये आणि फोड किंवा चीर असलेली जागा वगळा.

शेकानंतरची लाली अर्ध्या तासात मावळली पाहिजे. जागा पांढरी पडली, फोड आला किंवा आग वाढत गेली तर ते भाजले आहे. वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. बर्फ, शाई, टूथपेस्ट नको. दोन-तीन दिवसांनी लाली पसरत गेली, पू झाला किंवा ताप आला तर जंतुसंसर्ग धरून दाखवा.

पाकट आणि शिंगाळा

कीटक नसले तरी या मासळीचा उल्लेख हवाच, कारण किनाऱ्यावर उष्णतेचा सर्वांत खात्रीचा उपयोग इथेच होतो आणि त्याची रीत वेगळी आहे. उथळ पाण्यात वाळूत दडलेल्या पाकटावर पाय पडला की ती शेपटीचा काटा मारते. २०१३ साली गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर कितीतरी भाविकांना असे दंश झाले होते. शिंगाळ्याचे काटे पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या कल्ल्यांमागच्या परांवर असतात, आणि ते जाळे सोडवताना, मासे निवडताना, साफ करताना लागतात. ठणका पोटरीपर्यंत किंवा काखेपर्यंत चढतो.

या विषातली प्रथिने उष्णतेला नाजूक असतात, म्हणून इथे सेकंदांचा नव्हे तर लांब शेक लागतो. हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम, पण ४५ अंशांच्या वर न जाणाऱ्या पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवा. एक भाग उकळत्या पाण्याला साडेतीन ते चार भाग साधे पाणी घेतले की तेवढे जमते. पाणी नेहमी दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने तपासा. ठणकणाऱ्या अवयवाला उष्णतेची जाण राहिलेली नसते आणि तो बुडवलेलाच भाजतो. दर दहा मिनिटांनी अवयव बाहेर काढून मगच गरम पाणी घाला.

बुडवण्याआधी जखम स्वच्छ पाण्याने धुवा आणि दिसणारे काट्याचे तुकडे काढा. काटा छातीत, पोटात किंवा मानेत घुसला असेल तर तो उपसू नका, तसाच ठेवून रुग्णालयात न्या. हातापायाची जखम असली तरी ठणका उतरल्यावर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या आणि एक्स-रे काढा. काट्याच्या कडेचे बारीक दाते तुटून आत राहतात, वरून जखम भरते आणि आठवड्याने आतून पिकते.